लहान वयांत हेरलेले खेळाडू

मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते. नांदेड जिल्ह्यांतील हें गांव पूर्वीं कंधार तालुक्यांत होतें. लोहा तालुका वेगळा झाल्यापासून तें त्या तालुक्यांत गणलें जातें. घोडे, गाढवें, उंट यांच्या बाजाराकरितां ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे आणि तिच्यांतच कुस्त्यांची दंगलहि होते. घोडा घेणारा मनुष्य प्रथम त्याचा जबडा उघडून पाहतो, कारण घोड्याचें वय दांतांवरून बरेंचसें ताडतां येतें. आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या वस्तादाचें काम याहून कठीण आहे. समोरचें दहा-बारा वर्षांचें पोर पुढें मल्ल होईल कीं नाहीं, हें त्यानें कशावरून ठरवावें? आणि तसें ठरविल्यावर त्या पोराला व त्याच्या आईबापांना त्यानें काय वचन द्यावें? श्रोतेहो, आजच्या भाषणांत या दोन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे लहान मुलें हेरण्याची रीत नवी नाहीं. जत्रेच्या आखाड्यांत मोठ्या जोडी लागण्यापूर्वीं पोरासोरांच्या कुस्त्या होतात. त्यांत बक्षीस म्हणजे रेवड्या, नारळ, फार तर चार रुपये. त्यांतूनच एकादें पोर वस्तादाच्या नजरेंत भरतें आणि बापाला निरोप जातो कीं, याला तालमींत पाठवा. लातूर जिल्ह्यांतील निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड नांवाचें खेडें आहे. तेथील हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमींत गेले. १९६९ सालीं ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं अनेक शिष्य तयार केले. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे हे त्यांपैकीं एक. त्यांनींहि २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलें. जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतींत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर व लातूरचे शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हां दोघांचे गुरु एकच होते, ते म्हणजे मूळचे लातूरकडील काका पवार; आणि त्यांची तालीम होती पुण्यास. तात्पर्य, मराठवाड्यांतील मुलाला मोठा मल्ल व्हावयाचें असेल, तर बहुधा त्याला घर सोडावें लागतें आणि तेंहि लहानपणींच.

घर सोडण्याची किंमत दोन ठिकाणीं द्यावी लागते. पहिली खुराकाची. दूध, तूप, बदाम यांचा नित्याचा खर्च कंधारच्या कोरडवाहू शेतींत ज्वारी, कापूस, सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबाला सोसणें सोपें नाहीं. अनेक घरांत एका मुलाच्या खुराकासाठीं इतर भावंडांच्या ताटांतलें दूध कमी होतें. दुसरी किंमत शाळेची. पहांटेच्या जोरबैठका व सायंकाळची मेहनत यांच्या मधल्या वेळांत पोर वर्गांत डुलक्या घेऊं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. हें सर्व आईबाप सोसतात, तें एका आशेवर. पोराचें नांव होईल, आणि तें न झालें तरी खेळाडूंकरितां राखलेल्या जागांतून फौजेंत, पोलिसांत किंवा रेल्वेंत नोकरी लागेल, ही ती आशा.

ही निवड शास्त्रीय पायावर यावी, म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी हा उपक्रम चालविला आहे. साधारणतः आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची उंची व वजन, तीस मीटर धांव, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेंक, आठशें मीटर धांव अशा चांचण्या घ्यावयाच्या आणि निवडलेल्यांना निवास, भोजन, शाळा व शिक्षक यांची सोय करून द्यावयाची, अशी ही योजना आहे. वस्तादाच्या नजरेच्या जोडीला फीत व घड्याळ आलें, ही सुधारणाच होय. परंतु फीत आजची उंची मोजते व घड्याळ आजचा वेग मोजतें. उद्यांचें मोजण्याचें साधन अद्यापि कोणाला सांपडलेलें नाहीं.

या वाटेनें बेताल धांवत सुटल्यास माणसें कोठें पोहोंचतात, याचा धडा अमेरिकेंतील बास्केटबॉलनें घालून दिला आहे. तेथें कॉलेजांचे संघ हे धंदेवाईक खेळाचें प्रवेशद्वार आहे. कॉलेजचा प्रशिक्षक फीमाफी व राहण्याजेवण्याची सोय देऊं करून गुणी मुलांना आपल्याकडे ओढतो. एकानें अकरावींतला मुलगा गांठला, कीं दुसरा दहावींतला गांठतो आणि तिसरा त्याहूनहि खालीं उतरतो. प्रत्येकाच्या दृष्टीनें यांत शहाणपणाच असतो; सर्वांचा मिळून मात्र वेडेपणा होतो. २००८ सालीं केंटकी विद्यापीठाचे प्रशिक्षक बिली गिलिस्पी यांनीं आठवींतल्या एका मुलाकडून आपल्या संघांत येण्याचा शब्द मिळविला. पुढील वर्षीं विद्यापीठानें गिलिस्पी यांनाच निरोप दिला, आणि तो मुलगा केंटकीकडून कधींच खेळला नाहीं. त्याच २००९ सालीं तेथील कॉलेज-क्रीडांच्या नियामक संस्थेला असा नियम करावा लागला कीं, मुलांच्या बास्केटबॉलपुरता सातवीपासूनचा विद्यार्थी हा ‘भावी खेळाडू’ समजला जावा. हा नियम मुलांना मोकळीक देण्यासाठीं नव्हता. पूर्वींचे निर्बंध नववीपासून लागू होत, म्हणून प्रशिक्षक त्याखालच्या मुलांच्या खाजगी शिबिरांभोंवतीं गर्दी करूं लागले होते. त्यांना आवर घालण्यासाठीं कुंपण दोन इयत्ता खालीं न्यावें लागलें.

आतां मूळ प्रश्न असा कीं, बाराव्या-तेराव्या वर्षीं पारख करणारी नजर इतकी कां फसते? याचें मुख्य कारण वाढ. मुलींच्या उंचीची झपाट्याची वाढ सरासरीनें बाराव्या वर्षाच्या सुमारास व मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. परंतु हें झालें सरासरीचें. दाखल्यावर एकच वय असलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीरांच्या पक्वतेंत तीन-चार वर्षांचें अंतर असूं शकतें. लवकर वाढलेला मुलगा त्या वेळीं उंच, बळकट व चपळ दिसतो, आखाड्यांत दुसऱ्याला सहज उचलून आपटतो आणि निवडला जातो. उशीरां वाढणारा चार वर्षांनीं त्याला गांठतो, कधीं मागेंहि टाकतो. परंतु तोंवर त्याला ‘तुझ्यांत कांहीं नाहीं’ असें सांगून घरीं पाठविलेलें असतें. म्हणजे आपण गुण निवडला असें समजतों आणि वस्तुतः वाढीचा वेग निवडलेला असतो.

दुसरें कारण जन्मतारखेचें. १९८५ सालीं कॅनडांतील रॉजर बार्न्सली व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, तेथील बर्फावरच्या हॉकींतील निवडक खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या कांहीं महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी अधिक आहे. तेथें वयोगट १ जानेवारीपासून धरीत. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला मुलगा डिसेंबरांत जन्मलेल्याशीं एकाच गटांत खेळे, परंतु जवळजवळ एका वर्षानें मोठा असे. दहा वर्षांच्या वयांत एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा! मोठा म्हणून त्याला संघांत जागा मिळे, जागा मिळाली म्हणून चांगला शिक्षक मिळे, आणि शेवटीं तो खरोखरच श्रेष्ठ ठरे.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मराठवाड्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, मागील पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. जन्माची नोंद नसे. शाळा जूनमध्यें उघडे. मास्तर पोराकडे पाहून अंदाजानें साल धरीत आणि तारीख १ जून लिहीत. आतां नोंदी पुष्कळ सुधारल्या आहेत. परंतु लहान गटांत खेळतां यावें म्हणून वय कमी लावण्याचा मोह अजून सुटलेला नाहीं. त्यावर उपाय म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचें क्ष-किरण चित्र काढून हाडांची पक्वता तपासतें. तरीहि हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, तें चित्र हाड किती पक्व झालें एवढेंच सांगतें. मुलगा कोणत्या दिवशीं जन्मला हें सांगत नाहीं, आणि पुढें तो काय करील हें तर मुळींच नाहीं.

चांचणीच्या जाळ्यांतून निसटणारे गुण किती मोठे असतात, हें पाहावयास मराठवाड्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर फौजेंत गेले. सियाचेनचें बर्फ व राजस्थानची वाळू तुडवीत त्यांनीं नोकरी केली, आणि २०१७ सालीं, तेवीस वर्षांचे होण्याच्या सुमारास, ते तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें ती शर्यत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धांवून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. पुढच्या वर्षीं आशियाई स्पर्धांत ते पहिले आले. नांदेड जिल्ह्यांतील भाग्यश्री जाधव यांनीं तर अपंगत्व आल्यानंतर, वयाची तिशी ओलांडून गोळाफेक हातीं घेतली. टोकियो व पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिक स्पर्धांत त्या उतरल्या, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या उद्घाटनसमारंभांत सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज वाहण्याचा मान त्यांना मिळाला. बाराव्या वर्षीं घेतलेल्या कोणत्या चांचणींत हें दिसलें असतें?

याचा अर्थ लहान मुलांना निवडूंच नये, असा मात्र नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना त्यांच्या वडिलांनीं २००९ सालीं क्रीडा प्रबोधिनींत घातलें. तेथें पहिलें वर्ष सर्वसाधारण मेहनतीचें. मग एक खेळ निवडावयाचा. त्यांनीं नेमबाजी निवडली. २०२४ सालीं पॅरिस येथें त्यांना ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळालें, तेव्हां ते अठ्ठावीस वर्षांचे होते. प्रवेश आणि पदक यांच्यामध्यें पंधरा वर्षें गेलीं. निवड एका दिवसाची होती. सांभाळ पंधरा वर्षांचा होता. महत्त्व असेल तर तें या पंधरा वर्षांना.

या सांभाळाचा कायद्याशींहि संबंध आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाला करार करतां येत नाहीं, आणि त्यानें केलेला करार मुळांतच रद्द होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरी बिबीच्या खटल्यांत दिला. कायद्यानें असें कां मानलें? मुलाला पुढचें दिसत नाहीं, म्हणून. मग ज्याला पुढचें दिसत नाहीं, त्याच्याकडून ‘मी याच तालमीचा, याच खेळाचा’ असा शब्द घेण्यांत काय स्वारस्य? शब्द द्यावयाचाच असेल, तर तो निवडणाऱ्यानें द्यावा, आणि बांधलें जावें तेंहि त्यानेंच.

असा शब्द पाळल्याचें उदाहरण आपल्यापाशीं आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकत होते. १९४८ सालीं लंडन येथें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण ठेविलें, असें सांगतात. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेजनें खेळाडूकडून नव्हे, तर कॉलेजच्या प्रमुखानें खेळाडूसाठीं कांहीं पणास लाविलें, हें या गोष्टींतील सार आहे.

तेव्हां ज्या घरीं असा निरोप येईल, त्या घरच्या वडील माणसांनीं हुरळून न जातां चार गोष्टी विचाराव्या. मुलाची शाळा कोण व कशी चालविणार? हाड मोडलें किंवा आजार आला, तर औषधपाण्याचा भार कोणावर? कितव्या वर्षापर्यंत त्याला निरनिराळे खेळ खेळूं देणार? आणि दोन-तीन वर्षांनीं तो निवडीस उतरला नाहीं, तर त्याला कोणत्या इयत्तेच्या दाखल्यासह व कोणत्या शब्दांत परत पाठविणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण निवडलेल्यांपैकीं बहुतेक मुलें केव्हां तरी परतच येतात. निवडणाऱ्या संस्थांनींहि एक दार कायम उघडें ठेवावें. बारा वर्षांच्या वयांत ज्यांना नाहीं म्हटलें, त्यांना सोळाव्या वर्षीं पुन्हां बोलवावें. त्यांत एकादा उशीरां वाढलेला मुलगा खचित सांपडेल.

चांगला वस्ताद किती पोरें मैदानांत जिंकलीं यावर ओळखला जातो, हें खरें. पण हरलेलीं पोरें तालमींतून घरीं जातांना शाबूत हातापायांनीं, चालू असलेल्या शाळेनें आणि न मोडलेल्या मनानें गेलीं कीं नाहीं, हेंहि त्याच्या हिशेबांत धरलें गेलें पाहिजे.