महाल काचेचा, ट्रॅक दुसऱ्याचा



यवतमाळच्या बॅचमध्ये एका दादाने विचारलं, "सर, मालक गाळा खाली करायला सांगून राहिला. माझ्या बोर्डावर तर 'बस स्टँड नाश्ता सेंटर' लिहिलेलं आहे. आता स्टँड कुठून आणू?" सगळे हसले. तो नाही हसला.

मला एकदम लंडनची एक जुनी मोटारसायकल टीम आठवली.

वणीच्या जत्रेत 'मौत का कुआं' पाहिलाय ना? स्पीडवेचा थरार तसाच, फक्त भिंतीऐवजी मातीचा अंडाकृती ट्रॅक. चार जण, चार फेऱ्या, आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचं चाक घसरवायचं, लोखंडी तळाचा डावा पाय टेकवून तोल धरायचा. हा खेळ ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेला. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीचला शर्यत झाली, तिला तोबा गर्दी. मग काय, गावोगावी ट्रॅक निघाले आणि त्यातले बरेच दोन-चार वर्षांत बंदही पडले. एका चौकात एक चहावाला चालला की लगेच सात टपऱ्या लागतात, तसंच.

फ्रेड मॉकफोर्ड आणि सेसिल स्मिथ या जोडीने १९२८ लाच दक्षिण लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ट्रॅक सुरू केला. तिथल्या जुन्या फुटबॉल मैदानावर १८९५ ते १९१४ एफए कपचे अंतिम सामने झालेले. म्हणजे लोकांच्या पायाखालची जागा. शेजारी तो प्रसिद्ध काचेचा महाल, म्हणून टीमचं नाव ठेवलं ग्लेझियर्स, म्हणजे काचा बसवणारे. फुकटची जाहिरात! खेळाडूही दमदार. १९२९ च्या स्टार चॅम्पियनशिपमध्ये ब्रिटिश गटात रॉजर फ्रॉगली पहिला. १९३३ ला तीच स्पर्धा टॉम फार्नडनने मारली.

आणि त्याच १९३३ च्या हंगामानंतर ग्लेझियर्स संपली. सहा हंगाम, बस्स.

पण धंदा संपला नाही, इथेच खरी गंमत आहे. मॉकफोर्ड आणि स्मिथ यांनी १९३४ ला काही मैलांवर न्यू क्रॉसच्या स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. फार्नडन आणि रॉन जॉन्सन सोबत गेले. मैदान राहिलं मागे, आणि नावही. काचेचा महालच नाही तिथे, तर काचवाले कशाचे? नवा ट्रॅक इतका छोटा की लोक त्याला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. ऑगस्ट १९३५ मध्ये त्याच ट्रॅकवर अपघात होऊन फार्नडन गेला. सगळ्यात मोठा गडी गेला, तरी टीम टिकली आणि १९३८ ला नॅशनल लीग जिंकली. तो काचेचा महाल मात्र ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून खाक झाला होता.

दादाला मी एवढंच म्हटलं, आठवडाभर वहीत लिहा. तुमच्या तर्री-पोह्यांसाठी किती येतात आणि बस यायला वेळ आहे म्हणून किती. त्याने वही आणली. नाव घेऊन हाक मारता येईल असे एका पानावर, पिशवीवाले दुसऱ्या. पहिलं पान त्याच्या अंदाजापेक्षा बरंच भरलेलं निघालं.

सध्या तो दुसरा गाळा बघून राहिला. बोर्ड अजून रंगवायला दिलेला नाही.