गीझर हलविताना: काटकसर कोठे, खर्च कोठे

घरातले कपाट चुकीच्या जागी ठेवले तर फार तर दार अडते. गीझर चुकीचा बसविला तर माणूस दगावतो. तरीही हात आखडता असलेल्या गृहस्थाने तो स्वतः हलवावा काय, या प्रश्नाला आम्ही 'होय' असेच उत्तर देऊ. मात्र पैसा कोठे वाचवावयाचा आणि कोठे नाही, हे आधी ठरले पाहिजे.

पहिली काटकसर जागेच्या निवडीत आहे. अर्ध्या इंची नळात दर मीटरला सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावते. सहा मीटर अंतर असेल तर ऊन पाणी येईपर्यंत लिटरभर थंड पाणी वाया जाते आणि तोटी बंद केल्यावर तितकेच तापलेले पाणी नळात निवते. गीझर न्हाणीजवळ आला की हा रोजचा तोटा थांबतो.

दुसरी काटकसर अंगमेहनतीची. वीज तोडून पाणी निवू द्यावे, मुख्य कॉक बंद करावा, ऊन पाण्याची तोटी उघडावी आणि थंड पाण्याची जोडणी सोडवून टाकी रिती करावी. १५ लिटरच्या गीझरात पाणीच १५ किलो असते. टाकीसह भार २० किलोंच्या वर जातो. त्यासाठी पक्की भिंत आणि अँकर बोल्टच हवेत. थंड पाण्याच्या वाटेवरील सुरक्षा झडप पुन्हा तेथेच बसवावी. ती ठिबकते म्हणून तिला बूच मारणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. कोंडलेला दाब मग टाकी फोडून वाट काढतो.

विजेत मात्र काटकसर नको. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, खरेखुरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच हवा. हे काम परवानाधारक वीजतंत्र्याचेच. गॅसचा गीझर असेल तर तो बंद न्हाणीत मुळीच आणू नये, आणि त्याची जोडणीही जाणकाराकडूनच करून घ्यावी. हवा अपुरी पडली की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

शेवटी, तोटीतून अखंड धार आल्याखेरीज बटण दाबू नये. रित्या टाकीत कॉइल जळते आणि वाचविलेली मजुरी तिच्या किमतीत जाते.