गुडघेदुखी आणि सांध्यातील सुई

खुरपणी, भाताची लावणी, डोक्यावरचे भारे यांत आयुष्य गेलेल्या माणसाचे गुडघे उतारवयात कुरकुरू लागतात. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की सांधा दुखतो, सुजतो, सकाळी आखडतो. अशा वेळी “एक सुई घ्या, मोकळे व्हाल,” असा सल्ला हमखास मिळतो. ही सुई म्हणजे काय, ते समजून घेऊ.

तिच्यात स्टिरॉइड जातीचे औषध असते. या जातीतील कॉर्टिसोनवरील संशोधनाबद्दल केंडल, राइकश्टाइन व हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डॉ. हॉलंडर यांनी असे औषध थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

ही सुई म्हणजे गाडीच्या आखाला घातलेले वंगण नव्हे. ती सूज व दाह शमवते. झिजलेली कूर्चा भरून काढत नाही. आराम बहुधा काही आठवडेच टिकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी, अशी दोन वर्षे स्टिरॉइडची सुई दिली, तर बाकीच्यांना नुसते मिठाचे पाणी. वेदनेत विशेष फरक पडला नाही. उलट स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली. म्हणून सूज फार असेल, पाऊल टाकवत नसेल, तेव्हा एखादी सुई उपयोगी पडते. पण दर हंगामाला सुई घेण्याची सवय बरी नव्हे.

सुई घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे:

१. मधुमेह असेल तर आधी सांगावे. सुईनंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते.

२. अंगात ताप किंवा गुडघ्याच्या कातडीवर जखम असताना सुई घेऊ नये.

३. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना कळवावे.

४. नंतर एक-दोन दिवस जड काम करू नये. ताप आला, गुडघा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

५. बाजारात कोणी नाव न सांगता दिलेली सुई अथवा पुडी घेऊ नये.

चिक्कडपल्लीकरांना मुशीराबादचे सरकारी गांधी रुग्णालय जवळ आहे. नांदेड-लातूरकडून उपचारासाठी येणाऱ्या नातलगांनाही तेथील हाडांच्या विभागात दाखवता येईल.

खरा टिकाऊ उपाय घरचाच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या पाहणीत वर्षअखेर सुईपेक्षा व्यायामोपचाराचा गुण अधिक दिसला. उताणे निजून, एक गुडघा वाकवून, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक मोजून खाली ठेवावा. रोज दोन वेळा दहा-दहादा करावे. शरीराचे वजन एक किलो उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. खुरपताना बुटके पाटले घ्यावे, उकिडवे बसू नये. मिस्साच्या वेळी गुडघे टेकवत नसतील, तर बसून प्रार्थना करण्यात संकोच नसावा.