वाफशातला फुटबॉल

1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावती हे व्यायामाचे गाव म्हणून ओळखले जाते. 1983 मध्ये तेथे विद्यापीठही झाले. अमरावती-अकोल्याकडचा एखादा महाविद्यालयीन फुटबॉल संघ डोळ्यांसमोर आणा. त्याचा सराव सुरू होतो तो जुलैच्या झडीत. तेव्हा चेंडू चिखलात रुतून बसतो. पाऊस संपून काही आठवडे झाले, की त्याच मैदानावर तोच चेंडू गुडघ्याच्या वर उसळतो. असे का होते?

उत्तर पायांखालच्या काळ्या मातीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर पसरले. त्यांपासून झालेल्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण वहीच्या पानांसारख्या पातळ पदरांचे असतात. पदरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. पाणी उडून गेले की ती आकसते आणि तिला भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा हा गुण कपाशीला पोषक, पण खेळाडूला अडचणीचा!

थोडे गणित करू. मैदान 100 मीटर लांब व 60 मीटर रुंद आहे. त्यावर 1 सेंटिमीटर पाऊस पडला, तर 60 हजार लिटर पाणी साचेल. फुगलेल्या मातीतील छिद्रे बुजल्यामुळे हे पाणी फार सावकाश मुरते.

आता चेंडूकडे वळू. टणक जमिनीवर आपटलेला चेंडू क्षणभर चपटा होतो आणि पुन्हा पूर्ववत होताना उसळी घेतो. चिखलात मात्र जमीनच दबते. खळगा पाडण्यात ऊर्जा खर्च होते आणि ती चेंडूला परत मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात चेंडू जमिनीवरून सरकवण्यापेक्षा उचलून मारणे सोयीचे ठरते.

भेगा पडल्यावर धोका वेगळा असतो. बूट भेगेत अडकला आणि शरीर वळले, तर सगळा पीळ गुडघ्यातील अस्थिबंधांवर येतो. एका अडकलेल्या पावलामुळे खेळाडूचा सारा हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून सामन्यापूर्वी भेगा बुजवणे हे चेंडूत हवा भरण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

यावर उपाय आहेत. मैदान मध्यभागी किंचित उंच, कासवाच्या पाठीसारखे ठेवावे आणि कडेने चर खणावेत, म्हणजे पाणी वाहून जाते. मुरुमाचा थर दिला तर निचरा सुधारतो. हिरवळ राखली तर तिची मुळे माती बांधून ठेवतात.

चिखल आणि भेगा यांच्या मधली अवस्था शेतकऱ्याला चांगली ठाऊक असते. तिला तो वाफसा म्हणतो. माती ओलसर असते, पण हाताला चिकटत नाही. पेरणीला योग्य असलेली हीच वेळ खेळालाही उत्तम!

तुम्हीही एक प्रयोग करा. भिंतीवर मापे आखून चेंडू 1 मीटर उंचीवरून सोडा. सिमेंटवर, कोरड्या मातीवर आणि ओल्या मातीवर तो किती सेंटिमीटर उसळतो ते मोजा. प्रत्येक ठिकाणी पाच वेळा मोजून सरासरी काढा. शंभरातून किती सेंटिमीटर उंची परत मिळाली, त्यावरून शेकडा किती ऊर्जा उरली ते कळेल. उरलेली कोठे गेली, ते जमिनीवरचा खळगा पाहून सांगा.