लहान संच, म्हाताऱ्या चिमण्या आणि आपली छाती

कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा वायू होतो, सल्फर डायऑक्साइड. श्वासनळीच्या ओलाव्यात तो लगेच विरघळतो आणि नळी आवळते. दमेकऱ्याला काही मिनिटांत धाप लागते. धावणारं मूल तोंडाने श्वास घेतं, म्हणून त्याला जास्त.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वीजकेंद्रांच्या या वायूला मर्यादा घातली. 500 मेगावॅट व त्यावरच्या जुन्या संचाला घनमीटरमागे 200 मिलिग्रॅम, त्याहून लहान संचाला 600. लहान म्हणून तिप्पट मोकळीक! खापरखेड्याचे पहिले चार संच 210 मेगावॅटचे, नाशिकजवळच्या एकलहऱ्याचेही तेवढेच. पाळण्याची मुदत मात्र पुढेच सरकत राहिली.

जुलै 2025 च्या अधिसूचनेनुसार, 31 डिसेंबर 2030 पूर्वी बंद करू असं लिहून दिलं, की त्या संचाला ही मर्यादाच लागू नाही. तारखेनंतरही चालवला तर युनिटमागे 40 पैसे भरपाई. हे पैसे दमेकऱ्याच्या घरी येणार नाहीत, हे सांगायला नको.

कापडी रुमाल हा वायू अडवत नाही. घरात दमा असेल तर पंप संपू देऊ नका. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो लपवणाऱ्या आया मी वॉर्डात खूप पाहिल्या. सवय लागत नाही. डॉक्टरांना घराजवळची चिमणी सांगा. आणि माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या शेजारचा कोणता संच बंद करण्याचं लिहून दिलंय, आणि कोणत्या तारखेला?