सागराचे पहारेकरी

जमिनीवरील सीमेस कुंपण घालता येते. सागरास ते कसे घालावे? २६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री दहा सशस्त्र दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. किनाऱ्यावरील कोळ्यांनी या अनोळखी तरुणांना हटकलेही. परंतु त्या शंकेचा वेळीच छडा लागला नाही. पुढील संहारात १६६ जण प्राणास मुकले.

त्यानंतर सागरी संरक्षणाविषयी पुष्कळ चर्चा झाली. गस्त वाढवावी, हे सर्वांस मान्य होते. पण होडी वारंवार अडविल्यास कोळ्यांनी मासेमारी कशी करावी, असाही प्रश्न निघाला. पुढे मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. संशयास्पद हालचाल कळविण्यासाठी १०९३ हा दूरध्वनी क्रमांक ठरला.

प्रत्येक परक्याचा संशय घेणे म्हणजे जागरूकता नव्हे. वावगे दिसताच पाहणाऱ्याने कळवावे व ऐकणाऱ्याने तत्काळ दखल घ्यावी, हेच सागराचे खरे कुंपण होय.