शाळेची यादी आणि समाजाची मूठ



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टराने खडू, सतरंज्या आणि कंपासपेट्यांविषयी बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. पण ज्या मराठीसाठी आपण दर वर्षी येथे जमतो, ती आपल्या बेळगाव भागात नव्या हातांनी प्रथम लिहिली जाते ती पहिलीच्या वर्गात. त्या वर्गात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न म्हणूनच साहित्यसंस्थेचाही आहे. वर्गाला लागणाऱ्या वस्तूंची यादी शिक्षकाने इंटरनेटवर मांडायची आणि समाजाने ती पुरी करायची, अशी एक पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत जगात रुजली आहे. ती कशी चालते, तिच्यात चांगले काय, धोका कोठे आणि आपल्याला तिचा उपयोग किती, एवढेच आज मांडतो.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील एका सरकारी माध्यमिक शाळेत चार्ल्स बेस्ट नावाचा तरुण शिक्षक इतिहास शिकवीत असे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या गप्पा निघत त्या एकाच विषयावर : मुलांना हे पुस्तक द्यायचे होते, तो प्रयोग करून दाखवायचा होता, पण साहित्य नाही. समाजात मदत करू इच्छिणारे पुष्कळ आहेत, मात्र आपला पैसा नेमका कोठे जातो हे त्यांना कळत नाही, असे बेस्टच्या लक्षात आले. म्हणून २००० साली त्याने विद्यार्थ्यांच्या मदतीने एक संकेतस्थळ उभे केले. त्याचे नाव डोनर्सचूज, म्हणजे निवड देणाऱ्याची. सहकारी प्रथम बिचकत होते. त्याने आईच्या हातचे नासपतीचे पक्वान्न शाळेत नेले आणि अट घातली की जो खाईल त्याने एक मागणी लिहायची. अकरा मागण्या आल्या. सुरुवातीच्या बऱ्याचशा त्याने स्वतःच नाव न सांगता पुऱ्या केल्या. देणारे खरोखरच आहेत असे वाटून बाकीचे शिक्षकही पुढे आले. पुढे त्याच्या विद्यार्थ्यांनी हाताने सुमारे दोन हजार पत्रे लिहून लोकांना मदतीचे आवाहन केले.

यात शिक्षकाच्या हातात रोख रक्कम कधीच पडत नाही. शिक्षक वस्तू, त्यांची संख्या, किंमत आणि त्या कशासाठी हव्यात हे लिहितो. संस्थेची माणसे ती मागणी तपासतात. मग कोणी पाच डॉलर देतो, कोणी पन्नास. रक्कम पुरी झाली की संस्था वस्तू विकत घेऊन थेट शाळेत पाठवते. चार महिन्यांत रक्कम पुरी झाली नाही तर मागणी बंद होते आणि देणाऱ्याला आपले पैसे दुसऱ्या वर्गाकडे वळवता येतात. वस्तू पोचल्यावर वर्गाची छायाचित्रे आणि मुलांची आभारपत्रे देणाऱ्याकडे जातात. या साखळीत प्रत्येक कडी दिसते, म्हणून अनोळखी माणूसही विश्वास ठेवतो. मार्च २०१८ मध्ये रिपल या कंपनीने त्या दिवशी संकेतस्थळावर असलेल्या सर्वच्या सर्व, पस्तीस हजारांहून अधिक मागण्या एकदम पुऱ्या केल्या. खर्च आला २ कोटी ९० लाख डॉलर. पुढे २०१९ मध्ये टेक्सस राज्यातील एका शिक्षिकेने आणखी सोपी वाट काढली : अ‍ॅमेझॉनवर आपल्या वर्गाची इच्छायादी करायची, तिचा दुवा समाजमाध्यमांवर टाकायचा आणि लोकांना म्हणायचे, ही यादी रिकामी करा.

एवढ्या श्रीमंत देशात ही वेळ का यावी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तेथील शाळांच्या जमाखर्चात आहे. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चातला केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो. उरलेला पैसा राज्य आणि स्थानिक कर यांतून येतो आणि स्थानिक करात घरपट्टीचा भाग मोठा. ज्या वस्तीत घरांना किंमत नाही, त्या वस्तीच्या शाळेची तिजोरीही हलकी. तेथील शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार २०१४-१५ या वर्षात सरकारी शाळांतील ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःच्या खिशातून खर्च केला, सरासरी ४७९ डॉलर. हा खर्च इतका सर्वमान्य झाला आहे की शिक्षकाला त्यासाठी आयकरात वजावट मिळते. म्हणजे यादी हा रोगावरचा उपाय आहे तसा तो रोगाचे लक्षणही आहे. हे दोन्ही लक्षात ठेवून आपण आपल्याकडे पाहू.

समाजाने शाळा उचलून धरावी, ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून शिकायची नाही. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांत शास्त्रदान, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचे दान, अन्न आणि औषधाच्या रांगेत बसवले आहे. याच संस्कारात कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या कामात मुष्टिफंडाला मोठे स्थान होते. घरातली बाई रोजच्या दळणा-कांडणातून मूठभर धान्य बाजूला काढी आणि ते गोळा होऊन वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाई. धान्य कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. मुष्टिफंडात देणाऱ्याने निवड केली नव्हती. कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे मूल जेवणार हे मूठ बाजूला काढणाऱ्या बाईला ठाऊक नसे. पण ती मूठ रोज निघत असे. आजच्या यादीत निवड आहे, हिशेब आहे, मात्र ते रोजचेपण नाही. एकदा यादी पुरी केली की देणारा मोकळा होतो.

भारत सरकारनेही आता अशी व्यवस्था उभी केली आहे. ७ सप्टेंबर २०२१ रोजी विद्यांजली या पोर्टलचे नवे रूप सुरू झाले. सरकारी आणि अनुदानित शाळा आपल्या यूडायस क्रमांकावर तेथे नोंद करते आणि आपली गरज लिहिते. गरजा दोन प्रकारच्या : एक, माणसांचा वेळ, म्हणजे एखादा विषय शिकवणे, वाचन घेणे, आरोग्य तपासणी, योग. दुसरी, वस्तू, म्हणजे वर्गातील साहित्य, विजेची उपकरणे, संगणक, खेळाचे सामान, दुरुस्ती. नागरिकाने आपली नोंदणी करायची, शाळा निवडायची, तयारी कळवायची. शाळाप्रमुखाने मान्यता दिल्यावर काम किंवा वस्तू शाळेत पोचते. एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो : आयकरात देणगीची वजावट पैशाच्या देणगीला असते, वस्तू दिल्यास नाही. वजावटीच्या अपेक्षेने कपाट विकत घेऊ नये.

आता यादी कशी असावी हे पाहू. आमच्या शास्त्रात रुग्ण नुसते ‘अंग दुखते’ म्हणाला तर आम्ही औषध लिहीत नाही. कोठे दुखते, केव्हा, काय केल्याने वाढते, हे विचारतो. शाळेच्या यादीचेही तसेच. ‘शैक्षणिक साहित्य हवे’ अशा मागणीला प्रत्येक जण आपल्या सोयीने उत्तर देतो. आमच्या तालुक्यातील एका मराठी शाळेला एकाच वर्षात तीन मंडळांनी तीनदा वह्या दिल्या. त्याच शाळेत दुसरीच्या मुलांना वाचायला गोष्टींची पुस्तके दहासुद्धा नव्हती. याउलट ‘दुसरी-तिसरीची २३ मुले, मोठ्या अक्षरांची मराठी चित्रपुस्तके ४०, ती मुलांच्या हाताला लागतील अशी उघडी मांडणी १, घरी नेण्याची नोंदवही १’ अशी मागणी असली, तर देणाऱ्याला गोंधळ उरत नाही आणि शिक्षकालाही या वर्षी नेमके काय शिकवायचे ते स्पष्ट होते. वस्तूबरोबर तिचा पुढचा खर्चही लिहावा. संगणक देणारे भेटतात. त्याची दुरुस्ती आणि विजेचे बिल देणारे भेटत नाहीत. मग तो संगणक प्लॅस्टिकच्या कव्हराखाली मुख्याध्यापकांच्या खोलीची शोभा वाढवतो.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला : हे सरकारचे काम आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, प्रत्येक वर्गाला लागेल ते अध्यापन साहित्य आणि खेळाचे सामान असावे असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दर वर्षी पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान असते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ते १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, आणि त्यातलाही किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी. बाकीच्या रकमेत खडू, रजिस्टरे, वीज आणि डागडुजी. या आकड्यावरून छोट्या शाळेची ओढाताण कळते. म्हणून माझे म्हणणे असे की यादीचे दोन रकाने करावेत. कायद्याने मिळायलाच हवे ते पहिल्या रकान्यात. ते शाळा सुधारणा समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, ठरावासह खात्याकडे लेखी मागावे आणि पोच जपून ठेवावी. त्यावरचे जे अधिक, ते दुसऱ्या रकान्यात समाजाकडे. खात्याकडून यायला उशीर झाला म्हणून मुलांना वर्षभर तिष्ठत ठेवू नये हे खरे. पण आपण पुस्तक दिले म्हणून खात्याकडचा अर्ज मागे घेऊ नये.

दुसरा आक्षेप विषमतेचा. ज्या शिक्षकाला चांगले लिहिता येते, फोटो काढता येतो, ज्याच्या ओळखी आहेत, त्याची यादी पुरी होते. आपल्या सीमाभागात तर कागदपत्र कन्नडमध्ये, पोर्टल इंग्रजी-हिंदीत आणि वर्ग मराठीत. ज्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, तो पोर्टलवर केव्हा बसणार? सर्वांत गरजू शाळा यादीत सर्वांत शेवटी दिसते, किंवा दिसतच नाही.

तिसरा आक्षेप मुलांच्या मानाचा. वही हातात देताना फोटो, तो फोटो गटावर आणि वृत्तपत्रात. पंख्याच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवतात. पंखा फिरू लागला की ते दिसत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण मुलाचा चेहरा फिरत नाही. मोठेपणी त्याच्या हाती तो फोटो आला तर त्याला काय वाटेल? छायाचित्र काढायचेच तर मांडणीवर लावलेल्या पुस्तकांचे काढावे. आभारपत्र मुलाने लिहावे, पण ते पुस्तक वाचून त्याला काय आवडले याविषयी असावे.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या घरातला आहे, म्हणून थोडा बोचेल. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे मराठी शाळेत जात नाहीत. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. प्रत्येक कुटुंबाने आपला विचार करून निर्णय घेतला आहे. पण त्याचा परिणाम असा की मराठी शाळेत काय कमी आहे हे आपल्याला आता घरबसल्या कळत नाही. पूर्वी मूल संध्याकाळी घरी येऊन सांगत असे की आज फळ्यावर अक्षर उमटेना. ती वाट बंद झाली. आज तेथे जी मुले आहेत ती गवंड्याची, शेतमजुराची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची आहेत. आपल्या सीमालढ्याच्या भाषणांतली मराठी उद्या हीच मुले वाचणार आहेत. यादी ही त्या बंद वाटेच्या जागी काढलेली नवी वाट आहे, आणि तिच्यासाठी आपल्यालाच चालत जावे लागेल.

म्हणून संस्थेपुढे एक लहान प्रस्ताव ठेवतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्यातल्या निवृत्त मंडळींनी दोघा-दोघांनी मिळून एकेका शाळेत जावे. निवड कमी पटाच्या, आडबाजूच्या शाळांची. शिक्षकांशेजारी बसून यादी करावी, दोन रकान्यांत. पोर्टलवर ती भरण्याचे काम आपण करावे, कारण वेळ आपल्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा जाऊन पुस्तके मुलांच्या हातात आहेत की कपाटात, ते पाहावे. आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत, माझ्याऐवजी, त्यांपैकी एखाद्या शिक्षिकेला येथे बोलावून काय झाले ते ऐकावे.